पाय बघून गाडी

इरावती सबनीस यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. लग्नात, हळदीकुंकवात कुणी पुढे येऊन "ओळखलं का मॅडम?" विचारलं, की त्या ओशाळं हसतात, मग नजर खाली नेतात, समोरच्या बाईचा उजवा पाय न्याहाळतात आणि लगेच तोंड उघडतात, "तुम्ही होय! ब्रेक समजून रेस दिलीत आणि दसरा चौकात भेळेच्या गाड्यावर गेलात, त्या!" समोरचीचा चेहरा उतरतो, शेजारच्या चौघी कान टवकारतात आणि यजमानीणबाई घाईघाईनं विषय पावसापाण्यावर नेतात. खरं बोलायची ही खोड बाईंना लहानपणापासून आहे आणि बावन्नाव्या वर्षी ती जाईल, अशी आशा त्यांच्या घरात कुणी धरलेली नाही.

अठरा वर्षं त्यांनी राजारामपुरीत 'फक्त महिलांसाठी' गाडी शिकवण्याचा क्लास चालवला. निम्म्या कोल्हापूरच्या बायका त्यांच्याकडे गाडी चालवायला शिकल्या आणि उरलेलं निम्मं कोल्हापूर त्याच काळात चपळाईनं रस्ता ओलांडायला शिकलं. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक बसवलेला असतो. ॲक्सिलरेटर मात्र नसतो. पळवायचं काम शिकणारीचं, थांबवायचं काम बाईंचं. समोर म्हैस आली, की बाई शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघत. शिकणारी आपणहून ब्रेक दाबते का, ते त्यांना पाहायचं असे. नाहीच दाबला, तर त्या स्वतः असा काही दाबत, की म्हैसही दचकून मागं वळून बघे.

मग कोल्हापुरात क्लच नसलेल्या गाड्या आल्या, मोबाइलवर गाडी शिकवणारे आले आणि मुख्य म्हणजे नवऱ्यांना आपण बायकोला शिकवू शकतो असा भास व्हायला लागला. क्लास बंद पडला. बाई आठ महिने घरी बसल्या. त्यांचे यजमान यज्ञेश्वर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते सकाळचा पेपर दुपारपर्यंत वाचतात, दुपारनंतर परत वाचतात आणि बायको काहीही बोलली तरी "हं" म्हणतात. पैशाची तशी अडचण नव्हती. पण अठरा वर्षं जिचा प्रत्येक शब्द समोरचीनं जीव मुठीत धरून ऐकला, त्या बाईला आठ महिने नुसत्या 'हं'वर काढायला लागले. त्या अक्षरशः सुकून गेल्या. म्हणून शिरोली नाक्याच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या गाड्यांच्या शोरूममध्ये जेव्हा 'टेस्ट ड्राइव्ह सल्लागार' हवा आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी पगार किती हेसुद्धा विचारलं नाही. गिऱ्हाईक शेजारी बसणार, पट्टा लावणार आणि वीस मिनिटं कुठं पळून जाऊ शकणार नाही. बाईंना एवढंच पाहिजे होतं. त्यांचं बोलणं कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं.

शोरूमच्या मालकाचा मुलगा सम्राट. वय एकोणतीस, पुण्याहून एमबीए होऊन आलेला. त्याला वाटलं, बाई बायकांना गाड्या विकतील. बाईंना वाटलं, आपल्याला लोकांना योग्य गाडी सांगायची आहे. ही दोन कामं एकच आहेत असा दोघांचाही पहिले पंधरा दिवस समज होता.

त्या शोरूममध्ये पेट्रोलबरोबर बॅटरीवरही पळणाऱ्या, म्हणजे हायब्रिड गाड्या मिळत. त्यात दोन जाती. एक 'स्ट्राँग', म्हणजे जिची बॅटरी मोठी, जी गर्दीत इंजिन बंद करून नुसत्या मोटरवर सरकते आणि ब्रेक दाबला की वाया जाणारा वेग गोळा करून बॅटरीत भरते. दुसरी 'माइल्ड', म्हणजे जिच्यातली मोटर इंजिनाला हात लावल्यासारखं करते, जास्त अंगावर घेत नाही, आपल्याकडच्या सरकारी मदतीसारखी. सम्राटच्या मते स्ट्राँग गाडी सर्वांसाठी होती, कारण ती महाग होती. बाईंच्या मते गाडी पाय बघून द्यायची असते.

पायांच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. पहिला गावातला पाय. हा महाद्वार रोडला दर वीस पावलांवर थांबतो, काच खाली करतो, "काय म्हणता, बरं हाय न्हवं?" विचारतो आणि मागच्या अकरा गाड्यांचे हॉर्न ऐकून पुढे सरकतो. स्ट्राँग हायब्रिड देवानं याच्यासाठीच घडवली. चौकशी होईपर्यंत इंजिन बंद, पेट्रोल शिल्लक. दुसरा हायवेचा पाय. हा एकदा एकशेदहावर गेला, की कागलचा नाका येईपर्यंत हलत नाही. याच्या गाडीत इंजिन सारखं चालूच राहतं आणि एवढी महागडी बॅटरी फुकट्या पाहुण्यासारखी मागं बसून प्रवास करते. त्याला माइल्ड पुरे. तिसरा पाय रागीट. दाबला की ढोपरापर्यंत दाबतो, सोडला की एकदम सोडतो, आणि ब्रेक मारताना पुढच्या गाडीचा नंबर वाचता येईल इतका जवळ जाऊन मारतो. असा ब्रेक बसला, की बॅटरीत काही जात नाही, सगळं चाकातल्या ब्रेकमध्ये जळून जातं. बॅटरी भरायला ब्रेक लांबून, हळू, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा दाबावा लागतो. या तिसऱ्या पायाला कुठली गाडी द्यावी, याचं बाईंकडे एकच उत्तर होतं. रिक्षा.

असंच एक गिऱ्हाईक विजयसिंह, जयसिंगपूरचे. ऊस, दूध, दोन ट्रक, एक पेट्रोल पंप भाच्याच्या नावावर. त्यांच्या चुलत भावानं महिन्याभरापूर्वी स्ट्राँग हायब्रिड घेतली होती आणि तो तालुकाभर "लिटरला सत्तावीस देती" म्हणून सांगत फिरत होता. विजयसिंहांना गाडी नको होती, सत्तावीस पाहिजे होते. ते आले, पांढऱ्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून बसले आणि पट्टा लावायला सांगितल्यावर बाईंकडे बघून हसले. वीस मिनिटांत त्यांनी हायवेवर गाडी एकशेतीसला नेली, दोन टेम्पोंना बाजूला घेऊन बोल सुनावले आणि तावडे हॉटेलच्या चौकात असा ब्रेक मारला, की बाईंचा उजवा पाय आपोआप मोकळ्या जागेत आपटला.

शोरूममध्ये परत आल्यावर बाईंनी सांगितलं, "साहेब, ही गाडी तुमच्या पायाला नाही."

"म्हंजे? माज्या पायाला काय झालंय?"

"पाय रागीट आहे. ह्या गाडीत तुम्हाला चौदाच्या वर ॲव्हरेज मिळणार नाही. तुम्ही माइल्ड घ्या. नाहीतर आत्ता आहे ती डिझेल गाडी काही वाईट नाही."

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला एखादी गोष्ट घ्यायला लावायची, तर ती त्याला झेपणार नाही एवढंच सांगावं. बाकीचं काम तो स्वतः करतो. विजयसिंहांचे कान लाल झाले. "आमचा चुलत भाऊ बैलगाडी हाकल्यागत गाडी चालिवतोय त्यो, त्याला सत्तावीस. आन्‌ मला न्हाय? ओ सम्राट, बुकिंग करा. रंग पांढरा. ह्या बाईंना दाखिवतोच!"

सम्राटनं त्या संध्याकाळी बाईंची स्तुती केली. बाईंना कळेना, आपण गाडी घेऊ नका म्हणून सांगितलं त्याची की घेतली त्याची.

गाडी घरी आली आणि रीतीप्रमाणे पहिल्यांदा जोतिबाला गेली. पाच जणांच्या गाडीत आठ माणसं बसली, वर नैवेद्याचा डबा, नारळाचं पोतं आणि एसी पूर्ण. डोंगर चढून गाडी वर गेली, गुलालानं काचा लाल झाल्या, आणि खाली येताना विजयसिंहांनी खास घरच्या विद्येप्रमाणे गाडी न्यूट्रल केली. त्यांच्या वडिलांच्या जीपच्या काळापासून घरात हीच शिकवण होती, की उताराला न्यूट्रल टाकायची, पेट्रोल वाचतं. पेट्रोल वाचवण्याची ही युक्ती त्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवत. घरी येऊन स्क्रीनवर बघितलं, तर तेरा पूर्णांक नऊ. तीन आठवडे त्यांनी जयसिंगपूर-कोल्हापूर अशा फेऱ्या मारून बघितल्या. चौदाच्या वर आकडा हलेना. चुलत भाऊ रोज सकाळी आपल्या स्क्रीनचा फोटो पाठवत होता.

मग एका शनिवारी, शोरूम गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, विजयसिंह आत आले. आपण आल्याचं त्यांनी हायवेच्या पलीकडच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

"फशिवलासा मला! सत्तावीस म्हून चौदा दिताय? ही गाडी हाय का म्हस हाय, खाती लई आन्‌ देती काय न्हाय!"

सम्राटचा रंग उतरला. पुण्याला शिकवलेल्या चाळीस गोष्टींपैकी त्या क्षणी त्याला एकच आठवली, ती म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवणे. "सर, डिलिव्हरीच्या वेळी गाडी कशी चालवायची ते या मॅडमनी समजावायचं होतं," तो म्हणाला.

"मी टेस्ट ड्राइव्हलाच सांगितलं होतं, घेऊ नका म्हणून," बाई म्हणाल्या. हे खरं होतं आणि खरं असल्यामुळे कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

विजयसिंहांनी तोडगा काढला. "उद्या आयतवार. आमच्या आक्काला जोतिबाला न्यायचंय. गाडी ह्या बाईंनी चालवायची. डोंगर चढून उतरून वीसच्या वर ॲव्हरेज काढून दावलं, तर माझी काय तक्रार न्हाय. न्हाय निघालं, तर गाडी तुमच्या दारात आन्‌ तालुक्यातल्या समद्या ग्रुपवर तुमचं नाव."

सगळे निघून गेल्यावर सम्राट बाईंच्या टेबलाशी आला. "मॅडम, वीस आलं नाही तर सोमवारी येऊ नका. प्लीज समजून घ्या." परत ते घर, ती खुर्ची आणि पेपरामागून येणारं ते 'हं'. त्यापेक्षा जोतिबाचा डोंगर पायी उलटं चढणं सोपं.

रविवारी सकाळी केर्ली फाट्यावर स्क्रीनवरचा आकडा शून्य केला. बाई चालवायला, शेजारी विजयसिंह, मागे सम्राट आणि विजयसिंहांच्या आई धोंडुबाई, ज्यांना सगळं जयसिंगपूर आक्का म्हणतं. आक्कांच्या मांडीवर दवणा आणि नारळाची पिशवी. चढाला आकडा नऊवर आला. बाई घाबरल्या नाहीत. चढाला पेट्रोल जाणारच, उतार ते भरून काढतो, हे त्यांनी आजवर शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. वर दर्शन झालं, गुलाल झाला, आणि गाडी उताराला लागली.

पहिलं वळण आलं. बाईंना ठाऊक होतं, लांबून हळू ब्रेक दाबायचा. डोक्याला ठाऊक होतं. पायाला नव्हतं. पाय शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघत बसला आणि मग धाडकन बसला. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला तेच. समोरून एक एसटी आली, तेव्हा तर असा ब्रेक बसला, की आक्कांच्या पिशवीतला नारळ सम्राटच्या बुटावर जाऊन पडला.

"आगं बाई, जरा दमानं की," आक्का म्हणाल्या. "सकाळची भाकरी समदी वर आली माजी."

अठरा वर्षं बाईंनी शिकणारीच्या शेजारी बसून एकच काम केलं होतं, शेवटच्या क्षणी थांबवण्याचं. त्या क्लासमध्ये त्यांच्या पायाखाली ॲक्सिलरेटर नव्हताच. शहरातल्या हजारो पायांची जात सांगणाऱ्या बाईंना स्वतःचा पाय कुठल्या जातीचा, हे बावन्नाव्या वर्षी, जोतिबाच्या सातव्या वळणावर, एका आजीला ओकारी येण्याच्या बेतात असताना कळलं. केर्ली फाट्यावर गाडी थांबली. स्क्रीनवर पंधरा पूर्णांक आठ.

सम्राट मागे मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. विजयसिंह गप्प होते. शिरोळ तालुक्यात असं वारंवार घडत नाही.

"गाडी चांगली आहे," बाई म्हणाल्या. नोकरी गेल्यात जमा होती, पण खोड जाईना. "माझा पाय वाईट आहे. रागीटच. अगदी तुमच्यासारखा."

विजयसिंहांनी एकदा स्क्रीनकडे, एकदा बाईंच्या पायाकडे पाहिलं आणि मग ते असे हसले, की रस्त्याकडेचा उसाचा रसवाला घाणा थांबवून बघायला लागला. "म्हंजे लोकांचं पाय बघत फिरताय आन्‌ सोत्ताचं ह्ये असलं! सरका तिकडं. पंधरा आठ? त्यात काय हाय. बाईमानसाच्या म्होरं गेलो न्हाय, तर नावाचा विजयसिंह न्हाय."

सल्ला द्या, माहितीपत्रक द्या, कंपनीचा इंजिनिअर आणून बसवा, विजयसिंहांचा पाय हलला नसता. पण ईर्षा पेटली, की कोल्हापूरकर काहीही करू शकतो, अगदी सावकाश गाडीसुद्धा चालवू शकतो. आकडा परत शून्य झाला आणि गाडी परत डोंगर चढायला लागली. विजयसिंहांनी एसी कमी केला. एका वडापच्या जीपवाल्यानं हॉर्न मारत गाडी बाजूनं काढली, तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण पाय हलला नाही. वरून उतार सुरू झाला आणि सवयीनं त्यांचा हात न्यूट्रल टाकायला गेला.

"न्यूट्रल नको," बाई म्हणाल्या.

"बानं शिकिवलंय. उताराला न्यूट्रल."

"वडिलांची जीप होती. ह्या गाडीत न्यूट्रल टाकलं, की बॅटरीत काही जात नाही. अख्खा डोंगर चढून आलात, त्याचं उतरताना परत मिळायचं ते सगळं फुकट जातं. वर गाडी हाताबाहेर गेली, तर आक्का आहेत मागे."

विजयसिंहांनी हाताकडे बघितलं. त्या हातात बापाची तीस वर्षांची शिकवण होती. मग त्यांना पंधरा आठ आठवलं आणि त्यांनी हात काढून घेतला. प्रत्येक वळणाला ते लांबूनच ब्रेकवर पाय टेकवत खाली आले. आक्का मागे चक्क झोपल्या. फाट्यावर आकडा आला एकवीस पूर्णांक चार.

"नाद करायचा न्हाय!" विजयसिंह खाली उतरून रसवाल्याला म्हणाले, मग एका अनोळखी मोटारसायकलवाल्याला म्हणाले, "पावणं, गाडीत काय खोट न्हाय. खोट बाईच्या पायात हाय!" आणि दुपारपर्यंत हेच वाक्य, दोन्ही आकड्यांच्या फोटोसकट, तालुक्यातल्या समद्या ग्रुपवर गेलं. चुलत भावाला दोनदा गेलं.

गाडी वाचली. अट मात्र बाईंनी पुरी केली नव्हती, म्हणून त्या सोमवारी पर्स घेऊन टेबलावरचं सामान आवरायलाच गेल्या. शोरूमच्या दारात एक मोठा पांढरा बोर्ड लागला होता. त्यावर लिहिलं होतं, 'इरावती मॅडमना हरवा! त्यांचं ॲव्हरेज १५.८. तुमचं किती?' खाली विजयसिंहांचा हसरा फोटो.

सम्राट तोंडभर हसत आला. "मॅडम, सकाळपासून नऊ फोन. सगळ्यांना तुमच्याबरोबर यायचंय. तुम्ही कुठं जाता?"

बाईंची नोकरी राहिली. शेजारची सीट राहिली, पट्टा राहिला, वीस मिनिटं राहिली. बिंदू चौकातले वकील आले, उद्यमनगरचे वर्कशॉपवाले आले, शिरोली एमआयडीसीतले दोन फौंड्रीवाले पैज लावून आले. सगळे बोर्ड बघून आत येत, बाईंकडे दयेनं बघत, ब्रेक हळू दाबत आणि अठरा-एकोणीस काढून छाती फुगवून बुकिंगच्या टेबलाशी जात. हायवेच्या पायाला स्ट्राँग गाडी गेली. वर्षाचे दहा महिने दुबईत असणाऱ्या पायाला स्ट्राँग गाडी गेली. बाई दर वेळी सांगत, "ही तुमच्यासाठी नाही." पूर्वी लोक निदान चिडत. आता हसत. "तुम्ही नका सांगू मॅडम," म्हणत आणि मागे वळून बोर्डाकडे बोट करत. यज्ञेश्वरांचं 'हं' यापेक्षा बरं होतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. घरी जाऊन त्या दोनदा रडल्या आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेल्या.

या सगळ्यात एक भानगड झाली. दिवसाला सहा माणसं शेजारी बसून ब्रेक हळू दाबताना बघून बघून बाईंच्या पायालाही ते कळायला लागलं. रोज सकाळी पेट्रोल भरायला टेस्टची गाडी त्याच नेत. एकदा पंपावरून येताना त्यांनी स्क्रीन बघितली, तर चोवीस. त्यांना इतका आनंद झाला, की त्या ते सम्राटला सांगायला धावल्या. सम्राटनं आधी दार लावून घेतलं.

"मॅडम, हे कुणाला बोललात का?"

"नाही. का?"

"बोलू नका. आणि प्लीज, प्रॅक्टिस करू नका. लोक पंधरा आठला हरवायला येतात. चोवीसला कोण हरवणार? पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार वाढवतोय."

पगारवाढ घेऊन वाईट चालवण्याची नोकरी करणारं माणूस कोल्हापुरात दुसरं नसावं, निदान खाजगी क्षेत्रात. बाईंनी मान डोलावली. त्या दिवसापासून पंपावरून आल्यावर त्या किल्ली देण्याआधी आकडा शून्य करायला लागल्या. खरं बोलायची खोड असलेल्या बाईला त्या एका बटणाची लाज वाटे. पण दाबत होत्या.

दिवाळीच्या आधी गुरुप्रसाद सर आले. नागाळा पार्कात राहणारे, गणित शिकवून निवृत्त झालेले, बायको गेल्याला दोन वर्षं झालेली. आयुष्यात पहिल्यांदा गाडी घेत होते. सरांचा पाय बघायला बाई पट्ट्यातून पुढे वाकल्या. इतका मऊ पाय त्यांनी अठरा वर्षांत पाहिला नव्हता. सरांनी सहज तेवीस काढले, रुमालानं चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे मी पास तर!"

"सर, गाडी कुठं कुठं जाणार?"

"सकाळी मंडईत. संध्याकाळी वाचनालयात. महिन्यातून एकदा बहिणीकडे जयसिंगपूरला."

म्हणजे दिवसाला चार किलोमीटर. हिशेब करायला गणिताचे मास्तर लागत नाहीत. एवढ्याशा चालवण्यात ती मोठी बॅटरी काही वाचवण्याआधीच घर येणार आणि गाडी उरलेला दिवस फाटकाआड उभी राहणार. "सर, पाय सोन्यासारखा आहे, पण रस्ताच नाही त्याला," बाई म्हणाल्या. "तुम्ही ही घेऊ नका. लहान घ्या, हलकी, माइल्ड. आमच्याकडे एवढी लहान नाही. पण हीच घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही."

सर अगदी सभ्यपणे हसले. चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. "मॅडम, रागावू नका, पण बाहेर बोर्ड वाचला मी. तुम्ही यातलं नका सांगू."

बाईंना हे आजवर पन्नास जणांनी सुनावलं होतं. पण सुनावणारे पन्नास जण मग्रूर होते आणि हा माणूस चांगला होता. आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेला, चांगला माणूस, आणि आपण बरोबर असूनही तो आपलं ऐकत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी आकडा शून्य केला. "सर, इकडे शेजारी बसा. पट्टा लावा," असं म्हणून त्या चालवायच्या जागेवर बसल्या.

शिरोली नाक्यापासून पंचगंगेच्या पुलापर्यंत, तिथून परत, भर गर्दीतून, एका उसाच्या ट्रॅक्टरमागून, दोन म्हशी आणि एका मिरवणुकीच्या बाजूनं बाई गाडी घेऊन आल्या. सर फक्त बाईंच्या उजव्या पायाकडे बघत होते. शोरूमच्या दारात गाडी थांबली. सव्वीस पूर्णांक तीन.

बाई उतरल्या, सेल्समनच्या टेबलावरचा डस्टर उचलला, बोर्डावरचे पंधरा आठ पुसले आणि मार्करनं मोठ्या अक्षरात सव्वीस तीन लिहिले. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "आता सांगू?"

"सांगा," सर म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. लहान गाडी का, हलकी का, ब्रेक कधी, एसी किती, हवा कितीला भरायची, पंधरा दिवसांतून एकदा जयसिंगपूरला का न्यायची, सगळं. सरांनी खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं आणि दोन ठिकाणी शंकासुद्धा विचारल्या. सम्राट काचेपलीकडून बघत होता. आता त्याचा चेहरा गुलालाशिवाय लाल झाला होता.

त्या आठवड्यात सव्वीस तीनला हरवायला अकरा जण आले आणि अकराही जण तोंड पाडून गेले. एकही बुकिंग झालं नाही. शनिवारी सम्राटनं बाईंना पाकीट दिलं. त्यात आभार होते, शुभेच्छा होत्या आणि बाकी काही नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी सबनीसांच्या दारात एक लहान निळी गाडी येऊन थांबली. गाडी इतक्या हळू थांबली, की यज्ञेश्वरांनीही पेपर खाली केला. सर उतरले, हातात पेढ्यांचा पुडा. "तुमचं ऐकलं मॅडम. बावीस देते. हायवेच्या पलीकडे, तुमच्या समोरच्याच शोरूममधून घेतली. तिथल्या लोकांनी विचारलं, कुणी सांगितलं? मी म्हणालो, समोरच्या मॅडमनी. फार खूश झाले." मग त्यांनी जरा घुटमळत विचारलं, "माझ्यामुळे तुम्हाला तिथं काही त्रास तर झाला नाही ना?"

इरावतीबाईंनी पुड्यातला एक पेढा उचलला. "छे हो," त्या म्हणाल्या. "त्रास कसला! या, आत या. ब्रेकचं एक सांगायचं राहिलं होतं."